दुबार संदर्भ गाळायचे तर म्युंचियन पद्धत की फॉर-ईच-ग्रुप?

जॅट्स एक्सएमएलमधल्या (शोधपत्रिकांचे लेख साठवायचं टॅगांचं स्वरूप) लेखाच्या संदर्भसूचीत एकच पेपर दोन-तीनदा आलेला असतो. डीओआय (पेपरचा कायमचा ओळख-क्रमांक) पाहून जादाच्या नोंदी गाळायच्या, तर एक्सएसएलटीत, म्हणजे एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या भाषेत, वाटा तीन.

प्रिसिडिंग-सिब्लिंगची वाट सुचते लगेच: आधीच्या नोंदींत हाच डीओआय असेल तर ही सोडून द्या. एका लेखापुरतं ठीक आहे. पण अशी प्रत्येक नोंद मागच्या सगळ्यांशी ताडायची म्हटलं, तर 5,000 नोंदींना तुलना सव्वा कोटीच्या घरात जातात.

म्युंचियन पद्धत ओरॅकलच्या स्टीव्ह म्युंच यांच्या नावाने ओळखली जाते. एक्सएसएल:की वापरून डीओआयवार अनुक्रमणिका बांधायची आणि जनरेट-आयडीने (प्रत्येक नोंदीला वेगळी ओळख देणारं फंक्शन) प्रत्येक डीओआयची पहिली नोंद तेवढी ठेवायची. वेगवान आहे, 1999च्या 1.0 आवृत्तीतही चालते. त्यामुळे फक्त 1.0 जाणणारं एक्सएसएलटीप्रॉक वापरणाऱ्यांनी हीच धरावी. नवख्याला मात्र ते कोडंच वाटतं. शिवाय ही एक्सएसएल:की शोधते एकाच दस्तऐवजात. दहा फाइलींची मिळून सूची करायची असेल तर प्रत्येक फाइलीतली ‘पहिली’ नोंद टिकते आणि दुबार तसेच राहतात.

2007च्या 2.0 आवृत्तीतल्या, समान किल्लीच्या नोंदींचे गट पाडणाऱ्या फॉर-ईच-ग्रुपला ही अडचण नाही. नोंदी कुठल्याही फाइलीतून आणा, गट एकत्रच पडतात. सॅक्सन या एक्सएसएलटी प्रोसेसरची एचई आवृत्ती फुकट आहे, तेव्हा जावा चालत असेल तर माझं मत सरळ याला. डिस्टिंक्ट-व्हॅल्यूजचा मोह नको. ती नुसती मूल्यं देते, लेखक-शीर्षक पुन्हा शोधत बसावं लागतं.

खरा घोळ डीओआयच नसलेल्या नोंदींचा, आणि तो दोन्हीकडे सारखाच. थेट डीओआय एलिमेंटवर गट पाडले तर अशा नोंदी गुपचूप गळतात. त्यावर नॉर्मलाइझ-स्पेस लावलं की सगळ्यांची किल्ली रिकामी स्ट्रिंग होते, म्हणजे चाळीस जुन्या पुस्तकांतलं एकच उरतं! 2.0मध्ये डीओआय नसेल तिथे जनरेट-आयडी हीच किल्ली द्या, 1.0मध्ये ‘डीओआय नाही’ ही अट प्रेडिकेटमध्ये (चौकटी कंसातल्या अटीत) ‘ऑर’ने जोडा. डीओआयमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसतो, म्हणून आधी सगळं लहान करून घ्या. 2.0त लोअर-केस आहे, 1.0त ट्रान्सलेटवर भागवायचं.

आणि नोंद गाळली म्हणजे काम झालं असं नाही. मजकुरातल्या एक्सरेफचा (संदर्भाकडे नेणाऱ्या दुव्याचा) आरआयडी गाळलेल्या नोंदीकडे बोट दाखवत असेल तर तो टिकलेल्या नोंदीच्या आयडीकडे वळवावा लागतो. एका फाइलीचंच काम असेल तर इथे 2.0वाल्यांनाही शेवटी एक्सएसएल:कीच सोयीची पडते.