ग्रॅव्हल सायकल कोकणात चालते का? चौदा महिन्यांनंतर

पहिलं पंक्चर कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर झालं, सायकल घेतल्यापासून नवव्या दिवशी. ट्यूब बाहेर काढली तर शेजारीशेजारी दोन भोकं, फुरसं डसल्यासारखी. ना खिळा, ना काटा. जांभ्याच्या कडेवर टायर आपटलं, रिमपर्यंत दबलं आणि ट्यूब मधल्या मध्ये चिमटली गेली. दुकानदार म्हणाला होता, "ग्रॅव्हल आहे मॅडम, कुठेही न्या." ग्रॅव्हल म्हणजे डांबराबरोबर खडी-मातीच्या रस्त्यांवरही चालावी म्हणून केलेली, जाड टायरांची सायकल.

गेल्या वर्षी दसऱ्याला घेतली, आता 4,100 किलोमीटर झालेत. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, 700 बाय 40 ची (म्हणजे 40 मिलिमीटर रुंद) टायरं, पुढे 46 आणि 30 दात्यांची दोन चक्रं, मागे 11 ते 34 दात्यांची कॅसेट, म्हणजे चक्रांचा संच, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक, वजन साडेअकरा किलोच्या आसपास. कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक सायकली थोड्याफार फरकाने असंच सामान घेऊन येतात. मी रत्नागिरीत राहते. रविवारी पहाटे भाट्याचा पूल ओलांडायचा, पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळी-आडिवऱ्याकडे जायचं आणि येताना डांबर सोडून वाड्यावाड्यांतून यायचं, हा नेम.

या सायकलींच्या जाहिरातींत सगळीकडे इटलीतलं टस्कनी दिसतं. पांढऱ्या मातीचे रस्ते, एका बाजूला द्राक्षाचे मळे, दुसऱ्या बाजूला ऑलिव्हची झाडं. तिथले ते रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून 1997 मध्ये गायोले इन कियांती गावातून 'लेरोइका' नावाची जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. आमच्याकडे उलटं आहे. वाडीत खडी पडली की माणसं खूश होतात, आता डांबर येणार म्हणून. मग पावसाळा येतो, कंत्राटदार दिसेनासा होतो आणि मुठीएवढी सुटी खडी दोन-दोन वर्षं तशीच राहते. अशा खडीवर कुठलीच सायकल नीट चालत नाही, ही पण नाही. उतरून ढकलायची. आणि माझ्या हौसेसाठी वाडीने डांबर मागू नये असं म्हणायची माझी छाती नाही. आजारी माणसाला रिक्षातून न्यायचं असतं त्याच रस्त्याने.

खरी मजा आहे ती तांबड्या मातीच्या वाटांवर आणि कातळावर. बागायतीतून जाणाऱ्या गाडीवाटा, दोन्ही बाजूंना गडगे, वर कलमांची सावली. इथे ही सायकल अशी पळते की आपण फार चांगलं चालवतो असा गैरसमज होतो. कातळ मात्र परीक्षा घेतो. जांभा खाणीत असतो तेव्हा मऊ असतो, कापता येतो. हवा लागली की कडक होत जातो. सडा म्हणजे असं वर्षानुवर्षं ऊन-वारा खाल्लेलं कवच, भोकाभोकांचं, खिसणीसारखं. उन्हाळ्यात त्यावर पकड उत्तम मिळते, पण टायरांच्या कडा सोलवटून निघतात. जूनपासून त्याच कातळावर काळं शेवाळ धरतं आणि मग ब्रेक दाबून उपयोग नसतो. मी दोनदा पडलेय, दोन्ही वेळा अगदी सावकाश, जवळजवळ उभ्या-उभ्या.

पंक्चरांवर उपाय सापडला तो असा: 45 ची टायरं घातली आणि ट्यूबलेस करून घेतली. माझं वजन 60 किलो, त्याला पुढे 28 आणि मागे 32 पीएसआय हवा पुरते. आधी मी 50 भरायचे, हवा टाईट म्हणजे पंक्चर कमी या समजुतीने. त्याने हाडं खिळखिळी व्हायची, बाकी फायदा शून्य. 45 ची टायरं बसतात, पण मागच्या फ्रेमला दोन्हीकडे जेमतेम चार मिलिमीटर फट उरते. कोरड्यात काही त्रास नाही, ओल्या मातीत चाक गच्च. कोकमाची काटकी घेऊन चिखल उकरत बसायचं. सीलंट, म्हणजे भोकं आपोआप बुजवायला टायरात ओततात ते द्रव, तीन महिन्यांवर टिकत नाही, आमच्या उकाड्यात सुकून रबराच्या गोळ्या होतात. मार्च सुरू झाला की मी न बघताच नवीन ओतते.

आणि एक पाच ग्रॅमची वस्तू जवळ ठेवाच. या चाकांना बारीक सुईसारखा व्हॉल्व्ह असतो, गावातल्या पंपाला तो लागत नाही. वाटेवरच्या एका पंक्चरवाल्याने चाक हातात घेऊन फिरवून फिरवून बघितलं. "ताई, हवा भरायची कुठनं ह्येच्यात?" पितळेचा छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो, तो लावला की मोटारसायकलच्या नळीने हवा भरता येते. त्या दिवशी तो माझ्याकडे नव्हता. चार किलोमीटर चालले.

गिअरचं म्हणाल तर दुकानात लावून दिलेले पुरले नाहीत. आपले चढ लांब नसतात, पण संपत नाहीत. खाडीवरून सड्यावर चढा, पुढच्या खाडीला उतरा, परत चढा. साठ किलोमीटरच्या फेरीत हजारभर मीटर चढ सहज होतो. काही वळणांवर पुढचं चाक उचलतं की काय असं वाटतं. मागची कॅसेट बदलून 11-36 घेतली, मागचं चक्र जितकं मोठं तितका चढ हलका, तेवढ्याने गुडघे वाचले.

आता खारा वारा. याबद्दल मला कोणीच आधी सांगितलं नव्हतं. सायकल अंगणात ठेवत होते, समुद्र घरापासून दीड किलोमीटर. तीन महिन्यांत बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू तांबडे झाले, मग ब्रेकच्या तारा करकरायला लागल्या, मग चेन. आईचा सल्ला, "खोबरेल लाव." लावलं. आठवडाभर छान वाटलं, नंतर त्यावर तांबडी धूळ बसून जी खळ झाली ती दात घासायच्या ब्रशने रॉकेल घालून काढावी लागली. आता फेरीहून आलं की गोड्या पाण्याने धुते, पुसते, चेनला ओल्या हवेत टिकणारं तेल लावते. सायकल अंगणातून घरात आली.

सगळ्यात मोठा घोळ सीटच्या नळीचा. जोडताना दुकानाने आत ग्रीस लावलंच नव्हतं. पहिल्या पावसाळ्यानंतर सीट वर घ्यायला गेले तर नळी फ्रेममध्ये जाम. तेल सोडायचं, वाट बघायची, पिळायचं, असं तीन दिवस. निघाली तेव्हा नळीवर चुन्यासारखी पांढरी पूड होती, अ‍ॅल्युमिनियम खाल्ल्याची. दुकानाला फोन केला तर उत्तर आलं, "समुद्राजवळ असं होतंच." होतं हे माहीत होतं, मग ग्रीस का नाही? नवीन सायकल घेणाऱ्याने पहिल्या दिवशी सीट उपसून बघावी.

पावसाळ्यात ब्रेकच्या पॅडचीही वाट लागते. ओल्या तांबड्या मातीने पहिले पॅड जुलै संपायच्या आत खाल्ले. आता धातूचे घातलेत, ते टिकतात, पण ओले झाले की अशी किंकाळी मारतात की वाडीतली कुत्री अंगावर येतात. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात जून ते सप्टेंबर ही सायकल फक्त डांबरावर, तीही उघाड बघून.

सड्यावर जाणाऱ्यांना एक विनंती. कातळशिल्पं जमिनीलगतच कोरलेली असतात आणि सगळ्यांना कुंपण नाही. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की जवळून हत्ती कळतच नाही, नुसत्या रेषा दिसतात. 2022 मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली, तरी त्यांच्यावर टायरचे वळसे मी पाहिलेत. उतरा आणि चालत जा.

एप्रिलमधल्या फेऱ्या मात्र मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. काजूच्या बागांतून जाताना वाटेवर बोंडं पडलेली असतात, चाकाखाली फुटतात, आंबूस-गोड वास दिवसभर टायरला येतो. वळणावर त्यांच्यावरून घसरायलाही होतं, ते वेगळं. आंब्याच्या बागेतले नेपाळी राखणदार आता ओळखतात, न मागता पाण्याचा तांब्या पुढे करतात. एकाने सायकल उचलून बघितली, स्टँड शोधला, नाही म्हटल्यावर गडग्याला टेकवली आणि हसला.

परवा त्या पंक्चरवाल्याकडे थांबले. अ‍ॅडॉप्टर आता माझ्याकडे दोन असतात, एक त्याने ठेवून घेतला आणि नट-बोल्टच्या डब्यात टाकला. "आणखी कोन सुईवाली आली तर लागंल."