ठाण्याच्या नौपाड्यातलं समुपदेशन केंद्र: सीबीटी घेणार असाल तर कोणती, ते आधी विचारा

घरातून निघताना गॅसचा नॉब मी बारा-पंधरा वेळा बघायचे. मग मोबाइलवर त्याचा फोटो काढायचे. तरी मुलुंड यायच्या आत शेजारी फोन जायचाच, "काकू, किल्ली आहे ना तुमच्याकडे? जरा बघून येता?" डॉक्टरांनी ओसीडी सांगितला, म्हणजे नको असलेला विचार पुन्हापुन्हा येऊन तीच कृती करत राहण्याचा आजार, आणि सीबीटी घ्यायला लावली, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी, बोलण्यातून होणारी उपचारपद्धत.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी सहा महिने घालवले. वहीत रकाने आखायचे, मनात आलेला विचार लिहायचा, बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा. आरन बेक या मानसोपचारतज्ज्ञांची ही पद्धत, सीबीटीचाच एक प्रकार. माझ्या बहिणीला नैराश्यातून बाहेर यायला तिचा फार उपयोग झाला. माझं उलटंच झालं. नॉब बंद असल्याचे पुरावे मी रोज वहीत मांडत बसले आणि तपासायची आणखी एक सवय लागली.

नौपाड्यातल्या केंद्रातल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत ती वही बाजूला ठेवायला लावली. म्हणाल्या, "बेक पुरावा बघतात. अल्बर्ट एलिसांची विवेकनिष्ठ पद्धत 'असंच झालं पाहिजे' या हट्टाला हात घालते. दोन्ही चांगल्या, पण तुम्ही आता स्वतःशी वाद घालू नका. भीती येऊ द्या, आणि तपासू नका." याला ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात, हाही सीबीटीचाच प्रकार. व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली याची वाट दाखवली.

सुरुवात बाथरूमच्या दिव्यापासून केली, मग इस्त्री, गॅस सगळ्यात शेवटी. त्या सकाळी नॉब एकदाच फिरवला, कुलूप लावलं, फोटो नाही. स्लो लोकलमध्ये भीतीला शंभरपैकी मार्क द्यायचे होते. भांडुपला ९०. विक्रोळीला ९५, काकूंचा नंबर काढून बसले होते, पण लावला नाही. (काकूंनाही मीच बजावलं होतं, फोन आला तरी बघायला जाऊ नका.) घाटकोपरला ७०, शीवला ५०. दादरला उतरले तेव्हा ३५, आणि मी ब्रिजवर उभी राहून रडले. इतक्या वर्षांत भीतीला आपोआप उतरायला मी कधी वेळच दिला नव्हता.

बारा भेटी झाल्या. फी परवडण्यासारखी आहे. संध्याकाळची वेळ मात्र तीन-तीन आठवडे मिळत नाही, आणि बाहेरच्या बाकावर आतलं बोलणं ऐकू येतं. तेवढं दार नीट करून घ्या, मॅडम.