क्लाउडचं बिल कमी करायला मॅनेज्ड सर्व्हिस घेतली, नऊ महिन्यांनंतर लिहितोय

आमचं ऑफिस अंधेरी एमआयडीसीत, गोडाउन भिवंडीला, धंदा औषधांच्या वितरणाचा. ईआरपी (स्टॉक-हिशोबाचं सॉफ्टवेअर), त्याचा डेटाबेस, रिपोर्टिंग, डीलर लोकांचं ऑर्डर पोर्टल सगळं २०१९ पासून एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचे भाड्याचे सर्व्हर, म्हणजे क्लाउड) मुंबई रीजनमध्ये. आयटीत आम्ही चौघंच, आणि चौघांपैकी कोणालाच दर महिन्याचं बिल ओळ न ओळ वाचायला वेळ नव्हता. जीएसटी सोडून साडेअकरा लाखांवर गेलं तेव्हा डायरेक्टर साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, की धंदा तर तेवढा वाढला नाही मग हे पैसे कुठे जातायत, आणि माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. ते मला खूप लागलं. मग मॅनेज्ड सर्व्हिस देणाऱ्या, म्हणजे आपला क्लाउड सांभाळून बिल कमी करून देणाऱ्या, तीन कंपन्यांची कोटेशन मागवली आणि जून २०२५ मध्ये एकीला काम दिलं. तिचं नाव टाकत नाही, कारण चांगलं आणि वाईट दोन्ही मोकळेपणी लिहायचंय.

सगळ्यात आधी फीचं सांगतो, कारण माझ्या मते पुढचं सगळं तिथेच ठरतं. तिघांपैकी दोघांनी फी मागितली ती क्लाउड बिलाच्या टक्क्यांत. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, पण अकाउंट्सच्या मॅडमनी कोटेशन बघितल्या बघितल्या विचारलं, "बिल कमी झालं की यांची फी पण कमी होणार, मग हे बिल कमी कशाला करतील?" त्यामुळे तिसरी घेतली, महिना १ लाख १० हजार फिक्स, बिल कितीही येवो. तुम्ही कोणाशी बोलत असाल तर प्लीज हे आधी विचारा, बाकीचं प्रेझेंटेशन नंतर बघा.

पहिले दीड महिने त्यांनी काहीच बंद केलं नाही, फक्त टॅगिंग, म्हणजे कुठली मशीन (क्लाउडवरचा सर्व्हर) कोणाची, कशासाठी, याची यादी. मी वैतागलो होतो, फी चालू आणि बिल तिथेच. पण त्यांच्याकडून जी इंजिनीयर आम्हाला दिली होती, डोंबिवलीची एक मुलगी, ती दर शुक्रवारी ऑफिसला येऊन बिल उघडून माझ्या शेजारी बसायची आणि एकेक ओळ विचारायची की सर हे काय आहे. त्यातून जे निघालं ते बघून मला खरंच वाईट वाटलं.

आमचा डेटाबेस मायएसक्यूएलच्या ५.७ या जुन्या व्हर्जनवर होता. आरडीएसवर (एडब्ल्यूएसची डेटाबेस सर्व्हिस) त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला आणि १ मार्च २०२४ पासून एक्स्टेंडेड सपोर्टचे पैसे वेगळे लागायला लागले, तेही प्रत्येक व्हीसीपीयूला (मशीनच्या प्रोसेसरचं युनिट) तासाच्या हिशोबाने. सव्वा वर्ष आम्ही ते भरत होतो, कोणाला पत्ता नाही. आधी ८.० आणि मग ८.४ वर नेलं, दोन रविवार गेले, ईआरपीचे तीन रिपोर्ट फुटले ते दुरुस्त केले, आणि ती ओळ बिलातून गेली.

दुसरं नॅट गेटवेचं, म्हणजे आपल्या सर्व्हरचा डेटा बाहेर जायचं दार. रिपोर्टिंग सर्व्हर रोज रात्री एसथ्रीमध्ये (एडब्ल्यूएसची फाइल साठवायची जागा) बॅकअप टाकतो, आणि तो सगळा डेटा नॅट गेटवेतून जात होता जिथे प्रत्येक जीबीला पैसे लागतात, खरं तर एसथ्रीसाठी गेटवे एंडपॉइंट, म्हणजे थेट रस्ता, मिळतो ज्याला वेगळा चार्जच नाही. वीस मिनिटांचं काम होतं हो, आणि सहा वर्षं आम्ही पैसे देत होतो! डिस्क जीपी२ या जुन्या प्रकारावरून जीपी३ या नव्यावर नेल्या, जीबीमागे २० टक्के स्वस्त, मशीन बंदही करावी लागत नाही.

लॉगचं काम मला सगळ्यात आवडलं. लॉग म्हणजे सर्व्हरवर काय काय झालं याच्या नोंदी, त्या एडब्ल्यूएसच्या क्लाउडवॉचमध्ये साठतात. तिथे तुम्ही स्वतः मुदत घातली नाही तर लॉग कधीच डिलीट होत नाहीत, आमचे पार २०१९ पासूनचे पडून होते. मी म्हटलं उडवून टाक सगळे. ती इंजिनीयर म्हणाली, "सर, असं नाही करता येणार." सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग भारतात ठेवावेच लागतात, आणि हिशोबाच्या वह्यांना कंपनी कायद्याची आठ वर्षांची अट आहे ती वेगळी. मग मॅडमना बोलावून, काय ठेवायचं काय नाही हे लिहून घेऊनच तिने जुनं काढलं. घाईत मी काय केलं असतं याचा विचार करून आजही अंगावर काटा येतो.

आता वाईट. टेस्टच्या मशीन रात्री आणि रविवारी बंद ठेवायचं ठरलं, सकाळी नऊ ते रात्री नऊ सोमवार ते शनिवार, म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी फक्त ७२ तास चालू. डिस्कचे पैसे लागतातच पण मशीनचा खर्च निम्म्याहून खाली. सुरुवातीला नीट चाललं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी लोकलमध्ये, घाटकोपर गेलं असेल, भिवंडीहून सुपरवायझरचा फोन, "साहेब, ई-वे बिल निघत नाहीये, सहा गाड्या लोड करून उभ्या आहेत." 'टेस्ट-२' नावाच्या मशीनवर २०२१ मध्ये कोणीतरी ई-वे बिलाची (गाडीने माल पाठवायला लागणारं जीएसटीचं बिल) सर्व्हिस तात्पुरती म्हणून टाकली होती आणि ती तिथेच राहिली. एरवी डिस्पॅच आठलाच संपतो म्हणून कळलं नव्हतं, दिवाळीत गोडाउन रात्रभर चालू. बंद करायच्या मशीनच्या यादीवर सही आमची होती, ती चूक आमचीच. पण मी त्यांच्या नाइट डेस्कला फोन केला तर तो मुलगा म्हणतो तिकीट टाका, अप्रूव्हल आल्याशिवाय मशीन चालू करता येणार नाही. अरे अप्रूव्हल देणारा मीच बोलतोय ना! पावणेदोन तास गेले त्यात. गोडाउनच्या पोरांनी तोपर्यंत दोन बिलं सरकारी पोर्टलवर हाताने टाइप करून काढली, बाकी चार ड्रायव्हर गेटवर बसून. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्यानंतर प्रत्येक मशीनला मालकाचं नाव आणि मोबाइल नंबर टॅगमध्ये घातला, आणि बंद केलेली मशीन चालू करायचा अधिकार आमच्या चौघांकडे परत घेतला.

सेव्हिंग्ज प्लॅन, म्हणजे ठरावीक वापराची हमी देऊन एडब्ल्यूएसकडून मिळणारं डिस्काउंट, आम्ही सहाव्या महिन्यात घेतला, एक वर्षाचा. दुसरी एक कंपनी पहिल्याच आठवड्यात तीन वर्षांचा घ्या म्हणत होती, डिस्काउंट जास्त दिसतो म्हणून. पण एकदा घेतला की तो मधे रद्द होत नाही. आधी फालतू मशीन काढा, मोठ्या लहान करा, मग उरेल तेवढ्याचाच करार करा, नाहीतर नको असलेल्या मशीनचे पैसे तीन वर्षं बांधून घ्याल.

आकडे सांगतो. साडेअकराचं बिल आता पावणेआठ लाख. त्यांच्या स्लाइडवर बचत ३३ टक्के दाखवतात, पण त्यांची फी धरली तर आमच्या खिशातून ८ लाख ८५ हजार जातात, म्हणजे खरी बचत २३ टक्के. मॅडम हाच आकडा धरतात आणि मीही. महिन्याला २ लाख ६५ हजार वाचतायत, आमच्या साइजच्या कंपनीला ही रक्कम लहान नाही.

गेल्या महिन्यात ती डोंबिवलीची मुलगी दुसऱ्या क्लायंटवर गेली. नवीन माणूस बरा आहे पण शुक्रवारी येत नाही, पीडीएफ पाठवतो, आणि फेब्रुवारीत जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या कॉप्या) पुन्हा साठायला लागले होते ते मलाच दिसले. मायक्रोसॉफ्ट ३६५ चं काम बाकी आहे, सोडून गेलेल्या लोकांच्या सीट तशाच चालू आहेत, पण आमचा करार वार्षिक असल्यामुळे त्या रिन्यूअललाच कमी होतील, ते ऑगस्टमध्ये.

जूनमध्ये आमचा करार संपतोय. मी परत घ्यायच्या बाजूने आहे, पण तीन गोष्टी लिहून मागितल्यात: महिन्यातून दोनदा माणूस समोर बसून बिल वाचेल, रात्री आमच्या चौघांपैकी कोणाचाही फोन हेच अप्रूव्हल, आणि फी ८० हजार, कारण मोठी साफसफाई झाली आहे, आता राखण करायची आहे. पहिल्या दोन मान्य झाल्या, फीवर अजून बोलणं चालू आहे.