फायब्रोमायल्जिया आणि धाप: चालावं, पाण्यात उतरावं की सायकल घ्यावी?

फायब्रोमायल्जिया (अंगभर पसरलेलं जुनाट दुखणं आणि थकवा) असलेल्या बायका अंगदुखीबद्दल, झोपेबद्दल डॉक्टरांना सांगतात. धाप लागते हे मात्र बरेचदा सांगायचंच राहतं. एक जिना चढला की छाती भरून येते, बोलता बोलता मध्येच मोठा श्वास घ्यावा लागतो. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसं तपासण्याचा रिपोर्ट बहुतेक वेळा नॉर्मल येतो आणि विषय तिथेच संपतो.

फुफ्फुसं खरंच ठीक असू शकतात. अडचण त्यांना हलवणाऱ्या स्नायूंची असू शकते. फायब्रोमायल्जिया असलेल्या स्त्रियांच्या काही अभ्यासांत श्वास आत ओढण्याची ताकद कमी आढळली आहे आणि छातीचा पिंजरा कमी फुलतो असंही दिसलं आहे. १९९० च्या निदानाच्या निकषांत शरीरावरचे जे १८ दुखरे बिंदू ठरवले होते, त्यांतले दोन दुसऱ्या बरगडीपाशी आहेत. दुखतो तो भाग कुणीच मोकळेपणी हलवत नाही. मग श्वास वरवरचा होतो, मान आणि खांदे त्या कामाला जुंपले जातात, आणि ते तर आधीच दुखत असतात. त्यात हालचाल कमी झाली की पायांचा दमही जातो.

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे युलारने, २०१६ साली शिफारशी सुधारल्या. त्यांत ठामपणे शिफारस केलेला उपचार एकच होता: व्यायाम. त्यामुळे व्यायाम करायचा की नाही हा प्रश्न उरत नाही. तुमच्या छातीला आणि तुमच्या दुखण्याला कोणता झेपेल, एवढंच ठरवायचं आहे.

माझी पहिली पसंती चालण्याला. चालताना हात झुलतात, कंबर आणि पाठ हलकी वळते, आणि बरगड्या आपोआप मोकळ्या होतात. वाटेल तिथे थांबता येतं, वेग कमी-जास्त करता येतो. वेग कसा ठरवायचा? चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. तीन शब्दांत वाक्य तुटत असेल तर वेग जास्त झाला. नाडी मोजण्यापेक्षा हे बरं, कारण रक्तदाबाची काही औषधं नाडी मंद ठेवतात आणि आकडा फसवतो. टाच, गुडघा किंवा कंबर फार दुखत असेल तर मात्र चालणं जड जातं.

अशांसाठी पाणी. छातीपर्यंतच्या पाण्यात शरीराचं निम्म्याहून जास्त वजन पाणीच पेलतं, आणि पाणी कोमट, साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असलं की आखडलेले स्नायू सैल होतात. श्वासाच्या बाबतीत पाण्याला दोन बाजू आहेत. पाणी छातीला सगळीकडून दाबतं, म्हणजे प्रत्येक श्वास थोड्या विरोधात आत ओढावा लागतो. श्वासाच्या स्नायूंवर तेवढा भार येतो, म्हणजे त्यांचाही व्यायाम होतो. पण छाती आवळल्यासारखी वाटून जिचा जीव घाबरा होतो तिने एकदम छातीएवढ्या पाण्यात जाऊ नये. सुरुवातीचे काही दिवस कमरेइतकं पाणी पुरे. आणखी एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही: पायऱ्या चढून बाहेर येताना अंग एकदम शिशासारखं जड होतं. त्यानंतर ओले कपडे बदलायचे, केस पुसायचे, परत जायचं. ही शक्तीसुद्धा हिशेबात धरा. पाण्यातला आणि जमिनीवरचा व्यायाम यांची थेट तुलना झाली आहे, आणि दुखणं किंवा दैनंदिन कामं यांत मोठा फरक दिसलेला नाही. म्हणून पाण्यासाठी रोजची ओढाताण होणार असेल तर तो आग्रह सोडावा.

स्थिर सायकल गुडघ्यांना सोपी आणि घरातच होते. पण श्वासासाठी मी तिला तिसरी ठेवते. हँडलवर वाकून बसलं की पोट दबतं, श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला) खाली सरकायला जागा राहत नाही आणि खांदे कानांकडे चढतात. सायकलच घ्यायची असेल तर पाठ टेकवून बसायची घ्या, किंवा हँडल वर करून ताठ बसा.

ताई चीचा, म्हणजे संथ लयीतल्या चिनी व्यायामाचा विचारही जरूर करा. २०१८ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या २२६ जणांच्या चाचणीत एरोबिक व्यायामापेक्षा ताई चीच्या गटाची लक्षणं काहीशी जास्त सुधारली होती.

नुसते श्वासाचे व्यायाम पुरतील का? छाती मोकळी व्हायला मदत होते, पण पायांचा दम त्यांनी वाढत नाही. ते चालण्याला जोडून करा: दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर ठेवा, नाकाने श्वास घ्या आणि तळवे बाजूला सरकतात का बघा. खांदे वर गेले तर श्वास पुन्हा वरवरचा होतोय.

कोणताही प्रकार घेतलात तरी सुरुवात पाच-दहा मिनिटांनी, आठवड्यातून दोन-तीनदा. वीस-तीस मिनिटांवर हळूहळू जा. व्यायाम झेपला की नाही हे त्याच संध्याकाळी ठरवू नका, पुढचे दोन दिवस बघा. दुखणं उसळलं तर वेळ निम्मा करा, पण पूर्ण बंद करू नका. फरक कळायला दोन-तीन महिने लागतात, आणि दुखण्याआधी दम सुधारल्याचं जाणवलं तर तीही प्रगतीच समजा.

थोड्याशा श्रमानेही कित्येक दिवस अंथरुणाला खिळायला होत असेल तर मात्र हे वेळापत्रक तुमच्यासाठी नाही. तो एमई-सीएफएस (श्रमानंतर त्रास वाढणारा दीर्घ थकव्याचा आजार) असू शकतो, आणि त्यात ठरवून व्यायाम वाढवत नेणं त्रासाचं ठरतं. धाप नव्याने सुरू झाली असेल, बसल्या बसल्या लागत असेल, छातीत दाब किंवा चक्कर सोबत असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, दमा आणि हृदय तपासून घ्या. फायब्रोमायल्जिया आहे म्हणून प्रत्येक त्रास त्याच्याच खाती टाकू देऊ नका.