नवीन स्टाफचं ट्रेनिंग: ॲप घ्यावं की जुन्या माणसाच्या हाताखाली द्यावं?

रेस्टॉरंटमध्ये मी दोन्ही वापरून बघितलंय, त्यामुळे ॲपमध्ये काय काय फीचर्स असतात ते सांगत बसत नाही, डेमोत ते सगळं दिसतंच.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी, फूड सेफ्टी ॲपवर सगळ्यांना सारखी शिकवली जाते. चिकन आतपर्यंत ७४ डिग्रीला गेलं पाहिजे, गरम पदार्थ ६० च्या वर, थंड ५ च्या खाली, फ्रिजमध्ये कच्चं मांस नेहमी खालच्या शेल्फवर... जुना माणूस हे सांगेल, पण का ते बऱ्याचदा सांगत नाही, "आपल्याकडे असंच करतात" म्हणून मोकळा होतो. आणि भरपूर शाखा असतील तर एकसारखं शिकवण्याला पर्याय नाही, मॅकडोनाल्ड्सने १९६१ मध्येच हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी हे आपलं ट्रेनिंग सेंटर काढलं ते काही उगाच नाही.

पण मला सतत खटकत राहिला तो हिरवा टिक. पोरं ब्रेकमध्ये एकमेकांना विचारून क्विझ सोडवतात, स्क्रीनवर ट्रेनिंग पूर्ण दिसतं, आणि मॅनेजर लगेच त्यांना रशमध्ये, म्हणजे ऐन गर्दीत, टेबलं देऊन टाकतो. एकदा गिऱ्हाइकाने विचारलं यात शेंगदाणे आहेत का, तर ॲलर्जीच्या मॉड्यूलमध्ये पैकीच्या पैकी मिळवलेला आमचा मुलगा म्हणाला, "नसावेत बहुतेक." क्विझमध्ये याच प्रश्नाला "किचनला विचारून सांगतो" हे उत्तर त्याने बरोबर दिलेलं होतं! म्हणजे माहीत होतं, पण दोन टेबलं हाका मारतायत, पासवर (किचनमधून प्लेट्स बाहेर येतात त्या काउंटरवर) प्लेट्स थांबल्यात, अशा वेळी आत जाऊन शेफला थांबवायचं ते कुणाला तरी करताना बघितल्याशिवाय जमत नाही, निदान मला तरी तसंच दिसलं. जुन्या वेटरच्या मागे फिरलेली मुलं बघतात की हा केओटीवर (किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर) ॲलर्जी लिहितो, वर तोंडी सांगतो आणि शेफने हो म्हटल्याशिवाय तिथून हलत नाही, मग तीही तसंच करायला लागतात.

हाताखालच्या ट्रेनिंगचा त्रास नाही असं नाही. प्रत्येकाची पद्धत वेगळी, रश आला की शिकवणं बंद, आणि काही जण आपली जागा जाईल या भीतीने हातचं राखून शिकवतात. ज्यांच्याकडे जुना स्टाफ टिकतच नाही त्यांनी ॲपच घ्यावं, शिकवणार कोण?

बाकी ठिकाणी मात्र माझा कल जुन्या माणसाकडेच आहे, आणि त्याला अजून एक कारण आहे, त्यात दोघांची प्रगती होते. एस्कॉफिएसारखा नावाजलेला फ्रेंच शेफसुद्धा वयाच्या १३ व्या वर्षी नात्यातल्याच रेस्टॉरंटमध्ये कामाला लागून शिकला, आणि कॉमी (शिकाऊ), शेफ द पार्ती (एका विभागाचा शेफ), सू शेफ (मुख्य शेफच्या हाताखालचा) या किचनमधल्या पायऱ्यांमध्ये खालच्याला तयार करणं हे वरच्याचं कामच असतं. चांगल्या वेटरला ट्रेनर केलं की कॅप्टन (वेटर्सचा प्रमुख) व्हायच्या आधीच माणसं सांभाळायची सवय लागते, आणि इथे आपल्याला पुढे काहीतरी आहे हे त्याला दिसतं. ॲपमुळे असं कुणी वर चढलेलं मी तरी पाहिलं नाही.

करायचंच असेल तर ट्रेनर एकच ठरवा, त्या शिफ्टला त्याला टेबलं कमी द्या आणि शिकवण्याचे पैसे वेगळे द्या. तापमानं, हात धुणं, साफसफाईची केमिकल्स एवढं ॲपवर ठेवा, आणि नवीन मुलगा फ्लोअरवर एकटा कधी सोडायचा ते ट्रेनरलाच ठरवू द्या.