ज्वेलरी कन्सल्टंटचं ‘मिनिमम’: काही महिने गाठून पाहिल्यावर

कंपनीचं नाव देत नाही. जे लिहितेय ते डायरेक्ट सेलिंगमधल्या, म्हणजे दुकानाऐवजी आमच्यासारख्या कन्सल्टंटकडून ओळखीत माल विकणाऱ्या, बऱ्याच ज्वेलरी कंपन्यांच्या करारात थोड्याफार फरकाने सापडेल. माल चांगला आहे, कमिशन वेळेवर जमा होतं, स्टार्टर किटचे पैसे वसूल झाले. तक्रार करायची म्हटली तर डब्यांची झाकणं नीट बसत नाहीत, एवढीच. हा रिव्ह्यू आहे ‘ॲक्टिव्ह’ राहण्यासाठीच्या, म्हणजे खातं आणि कमिशन नीट चालू राहण्यासाठी दर महिन्याला कराव्या लागणाऱ्या, किमान विक्रीबद्दल. सामील होताना त्यावर एक वाक्य बोललं जातं, आणि मग महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुसरं काही सुचत नाही.

आधी हिशेब कसा धरतात ते. किमान आकडा रकमेत असतो किंवा पॉइंटमध्ये, आणि ग्राहकाने मोजलेले सगळे पैसे त्यात धरत नाहीत. कर आणि कुरिअरचा खर्च वगळतात. सवलतीत दिलेला नग सवलतीनंतरच्या रकमेवर धरतात. होस्टेसला, म्हणजे जिच्या घरी विक्रीची पार्टी होते तिला, मिळणारे फुकट किंवा अर्ध्या किमतीचे नग आमच्याकडे आकड्यात येतच नाहीत. कॅटलॉग, डबे, डिस्प्लेचे स्टँड हा सगळा खर्च, विक्री नव्हे. आणि परत आलेला माल ज्या महिन्यात परत येतो त्या महिन्यातून वजा होतो. म्हणजे मागच्या महिन्यात दणक्यात विकलेला हार या महिन्यात परत आला तर सुरुवातच उण्यातून. बॅक ऑफिसमध्ये, म्हणजे कंपनीकडच्या आपल्या ऑनलाइन खात्यात, विक्रीची हिरवी पट्टी पूर्ण भरलेली दिसते, दोन दिवसांनी उघडावं तर ती थोडी मागे सरकलेली असते. म्हणून पट्टी नुसती काठापर्यंत भरून मी कधी थांबत नाही, एखाद्या मध्यम नगाएवढी जागा वर ठेवते.

महिना कधी संपतो हेही बघून ठेवा. कंपनीचा महिना तिच्या मुख्य कार्यालयाच्या घड्याळाने संपतो आणि ऑर्डर धरली जाते ती पेमेंट पास झाल्यावर. ‘ताई, पैसे उद्या टाकते’ म्हणणारी ग्राहक शेवटच्या तारखेला आपल्या काहीच उपयोगाची नसते.

आता मुख्य गोष्ट. किमान विक्रीची ही पद्धत साबण, क्रीम, प्रोटीन पावडर विकणाऱ्यांना झेपते, कारण ती वस्तू संपते. महिना-दोन महिन्यांनी तीच बाई तीच बाटली पुन्हा मागते. कानातलं संपत नाही. उलट चांगलं निघालं तर ती वर्षभर तेच घालते आणि वरून कौतुक करते, ‘अजून अगदी नव्यासारखं आहे हो!’ मालाची यापेक्षा मोठी पावती नाही, पण पुढच्या महिन्याच्या आकड्यात त्याचं काहीच येत नाही. त्यामुळे दागिन्यांच्या धंद्यात दर महिन्याला नवी माणसं लागतात. ओळखीतल्या सगळ्यांचं एकदा घेऊन झालं, की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आलेख बसतो. हा विकणारीचा दोष नसतो. वस्तूच तशी आहे.

नेमक्या याच महिन्यात अपलाइनचा, म्हणजे ज्यांच्या टीममध्ये आपण आहोत त्यांचा, फोन येतो. आमच्या ताई स्वभावाने खरंच चांगल्या आहेत, पण त्यांचंही वरचं कमिशन आमच्या ॲक्टिव्ह असण्यावर अवलंबून असतं. ‘थोडंच कमी पडतंय ना? मग तुम्हीच एक सेट घेऊन टाका, डेमोला होईल.’ हे वाक्य इतक्या जणींकडून ऐकलंय, की ते ट्रेनिंगमध्येच शिकवत असावेत अशी मला शंका आहे.

हा हिशेब एकदा कागदावर मांडा. समजा अट १०० ची आहे आणि कमिशन २५ टक्के. ग्राहकांची ऑर्डर झाली ७०, त्यावर तुमचे सुटले साडेसतरा. उरलेल्या ३० चा माल स्वतःच घेतला तर २५ टक्के सूट वजा जाता खिशातून गेले साडेबावीस. महिनाभर फोन करून, बॅगा उचलून हातात आले उणे ५ आणि डब्यात एक जास्तीचा सेट. तो विकला गेला तर ३० सुटतील, खरं आहे. पण त्या महिन्यात तो घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून तर तो आपल्याकडे आला. मी ताईंना हे गणित फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही फार खोलात जाता.’

न गाठल्यास नेमकं काय होतं, हे करारात शोधा. ते ‘ॲक्टिव्ह स्टेटस’ किंवा तत्सम मथळ्याखाली असतं, कमाईच्या रंगीत पानावर नसतं. काही ठिकाणी एक महिना चुकला तर फक्त खालच्या टीमवरचं, म्हणजे आपण सामील करून घेतलेल्यांच्या विक्रीवरचं, कमिशन बुडतं, स्वतःच्या विक्रीवरचं मिळतं. काही ठिकाणी सवलतीचा टक्काच घसरतो. सलग काही महिने चुकले की खातं बंद, तुमच्या खालची टीम वरच्या अपलाइनकडे सरकते आणि परत यायचं तर पुन्हा किट. ज्यांची टीमच नाही त्यांचं पहिल्या प्रकारात एक महिना हुकल्याने जवळपास काही जात नाही. तरी त्याच जणी सगळ्यात जास्त धसका घेतात.

स्वतःच्या खिशातून आकडा भरण्याचा प्रश्न जुना आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ मध्ये ॲमवेच्या प्रकरणात निकाल दिला, तेव्हा ती योजना पिरॅमिड (म्हणजे माल विकण्यापेक्षा माणसं भरती करण्यावर चालणारी) नाही असं ठरवताना कंपनीचे तीन नियम जमेस धरले होते: घेतलेल्या मालापैकी किमान ७० टक्के पुढे विकलेला असणं, महिन्याला १० वेगवेगळ्या ग्राहकांना किरकोळ विक्री आणि न खपलेला माल परत घेण्याची सोय. मला यातला १० ग्राहकांचा मुद्दा सगळ्यात पटतो. एकाच मैत्रिणीने जड सेट घेतला तरी आमची पट्टी भरते, पण धंदा चाललाय की नाही हे माणसांच्या संख्येवरून कळतं. म्हणून मी वहीत रकमेच्या शेजारी नवी ग्राहक आणि जुनी ग्राहक असे वेगळे रकाने केलेत, आणि स्वतःसाठी घेतलेला नग लाल पेनाने लिहिते. महिन्याच्या पानावर लाल जास्त दिसायला लागलं, की धंदा चालत नाहीये, बॅक ऑफिस काहीही म्हणो.

माल परत करण्याचंही विचारून ठेवा. डायरेक्ट सेलिंग संघटनांच्या जागतिक महासंघाच्या आचारसंहितेत काम सोडताना मागच्या १२ महिन्यांत घेतलेला, विकण्याजोगा माल परत घ्यावा आणि हाताळणीचे जास्तीत जास्त १० टक्के कापावेत असं आहे. तुमची कंपनी त्यातल्या एखाद्या संघटनेची सभासद आहे का ते बघा. ‘विकण्याजोगा’ हा शब्द मात्र दागिन्यांना जड जातो. टॅग काढलेला, पाकीट फोडलेला, चार जणींनी घालून पाहिलेला नग विकण्याजोगा धरत नाहीत. ‘डेमोला होईल’ म्हणून घेतलेला सेट नेमका यातच अडकतो.

आकडा कशाने गाठला जातो? माझ्या अनुभवात पार्टीने, आणि तीही महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घेतलेल्या. मग उशिरा येणारे पैसे आणि बदलून मागितलेले नग सगळं त्याच महिन्यात मिटतं. टेबलावर माल मांडून बसण्यापेक्षा आरसे जास्त ठेवा. एकच आरसा असला की रांग लागते आणि मागच्या दोघी गप्पांत रमतात. कानातलं हातात घेऊन पाहणारी किंमत विचारते. कानात घालून मान वळवून पाहिलेली ‘हेच सोन्याच्या रंगात आहे का?’ असं विचारते. तिला घ्यायचं असतं. आणि निघण्यापूर्वी त्याच खोलीत पुढच्या पार्टीची तारीख घ्यायची. ‘नंतर कळवते’ म्हणालेल्यांपैकी क्वचितच कोणी कळवतं. सोशल मीडियावरच्या लाइव्हने माझं फारसं भलं झालं नाही. बघतात सगळ्या, घेत कोणी नाही. कॅमेऱ्याला न लाजणाऱ्यांचा अनुभव वेगळा असेल.

जुनी ग्राहक परत येते ती मालाची खरी माहिती दिल्यामुळे. ९२५ शिक्का म्हणजे ९२.५ टक्के चांदी. ‘व्हर्मेल’ म्हणजे चांदीवर सोन्याचा थर, तर साध्या गोल्ड प्लेटेडमध्ये आत पितळ किंवा दुसरा धातू. अंगठीचं पॉलिश आधी तळव्याच्या बाजूने जातं, कानातल्याचं खूप टिकतं. रोज वापरायला प्लेटेड अंगठी मागणारीला मी सरळ कानातल्याकडे वळवते. ज्यांच्या कानाला खाज सुटते त्यांना बहुधा निकेल चालत नसतं, त्यांना निकेल नसलेलंच द्यावं. यात कधी कधी जागच्या जागी विक्री जाते. पण परतावे कमी झालेत, आणि पट्टी मागे सरकायची थांबली ती यामुळेच.

मी पुढे चालू ठेवणार आहे, मात्र अट बदलून. आमच्याकडे टीम न करणाऱ्यांसाठी सहा महिन्यांच्या एकत्रित विक्रीचा पर्याय आहे. सूट किंचित कमी, टीमचं कमिशन नाही. लोक भेट देण्यासाठी दागिने घेतात त्या दोन महिन्यांतच बराचसा आकडा होऊन जातो आणि मंद महिन्यांत कुणाच्या मागे लागावं लागत नाही. हा पर्याय माहितीपत्रकात नव्हता, हेल्पलाइनला विचारल्यावर कळला. तुम्हीही विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या. ताई नाराज आहेत, पण बोलतात अजून.

साडेतीन तारे. अर्धा तारा डब्यांच्या झाकणांमुळे कापलाय.