मांजरीला मायक्रोचिप लावली, नागपूरच्या धरमपेठेतल्या क्लिनिकचा अनुभव

इतवारीतून महालात शिफ्ट झालो आणि चौथ्याच दिवशी आमची मनी गायब, सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या अन् नवव्या दिवशी जुन्या शेजारच्या काकूंचा फोन, "अगं तुझी मनी इथं ओट्यावर बसलीये", बाप्पा रडूच आलं मला! मांजरं वास, आवाज, ओळखीच्या खुणा धरून परततात म्हणतात, 1922 मध्ये अमेरिकेत हेरिक नावाच्या प्राध्यापकांनी पिल्लांपासून काही मैल दूर सोडलेली मांजरीण परत आली होती.

पण दरवेळी नशिबावर कसं सोडायचं? म्हणून चिप लावली. तांदळाच्या दाण्याएवढी, इंजेक्शनने खांद्यांमधल्या कातडीखाली, दोन मिनिटांचं काम, मनी फक्त एकदा म्याव करून गप्प. डॉक्टर फार प्रेमळ, घाई अजिबात नाही. फक्त एक नीट समजून घ्या, हे जीपीएस नाहीये, मांजर कुठंय ते दाखवत नाही, कुणीतरी स्कॅनर फिरवला तरच नंबर दिसतो, आणि तो नंबर तुमच्या मोबाईलसोबत रजिस्टर पाहिजे. अमेरिकेत फ्लोरिडाची हॉली नावाची मांजर 2012 मध्ये हरवली, सुमारे 200 मैल चालून आपल्या गावी पोचली, ती चिपमुळेच ओळखू आली. क्लिनिकपाशी पार्किंगचा त्रास आहे, संध्याकाळी जाऊ नका.